चूक कागदावर करा, छापखान्यात नको : दोंडाईच्याच्या एका विद्यार्थिनीचं लेबल आणि चाळीस सेकंदांचा व्हिडिओ



छोटा व्यवसाय सुरू करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "सर, डिझाईनसाठी कुठलं ॲप चांगलं?" मी त्यांना उलट विचारतो, "डिझाईन कुणासाठी करताय?" बहुतेक वेळा पलीकडून उत्तर येत नाही.

आजचा धडा त्याच प्रश्नाचा आहे. तो मला एका विद्यार्थिनीने शिकवला, म्हणून तिच्या कामाच्या पद्धतीवरूनच समजून घेऊ. ती दोंडाईच्याची. धुळ्याला ग्राफिक डिझाईन आणि व्हिडिओ एडिटिंगचा कोर्स करत होती. दोंडाईचा म्हणजे मिरचीची बाजारपेठ. हंगामात गावाबाहेर लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या दिसतात, आणि रस्त्याने जाताना शिंक आली नाही असा माणूस विरळा. तिची आई घरगुती तिखट करून ओळखीपाळखीत विकायची. आईला वाटलं, मुलगी हे शिकतेच आहे तर आपल्या पाकिटाला नाव-गाव करू, म्हणजे किराणा दुकानातही ठेवता येईल.

पहिला प्रयत्न : एका रात्रीत लेबल

मुलीने मोबाईलवर एक तयार टेम्प्लेट उचललं. लाल पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, कोपऱ्यात ज्वाळा, मध्ये नेटवरून घेतलेला मिरचीचा फोटो. रात्री बारा वाजता काम झालं आणि सकाळी फाईल छपाईला गेली. "जास्त घेतले तर स्वस्त पडतात" म्हणून एक हजार स्टिकर मागवले. आईने बाजूला ठेवलेले सहा हजार रुपये त्यात गेले.

स्टिकर आले तेव्हा तीन गोष्टी लक्षात आल्या.

एक, मोबाईलवर पेटल्यासारखा दिसणारा लाल रंग कागदावर विटकरी झाला होता.

दोन, मराठी अक्षरं फुटली होती. 'मिरची'मधली पहिली वेलांटी भलत्याच जागी, आणि जोडाक्षरं सुटी.

तीन, आणि ही सगळ्यात महागाची. लेबलवर नाव होतं, घोषवाक्य होतं, ज्वाळा होत्या. पण निव्वळ वजन नाही, किंमत नाही, पॅकिंगची तारीख नाही, अन्न परवान्याचा नंबर नाही. दुकानदाराने पाकीट हातात घेतलं, उलटं केलं आणि परत दिलं. "ताई, हे मी ठेवू शकत नाही. उद्या तपासणीला कोणी आलं तर मी काय सांगू?"

चूक छापणाऱ्याची नव्हती. त्याला जी फाईल मिळाली ती त्याने छापली. ती मुलगी माझ्यासमोर बसून म्हणाली, "सर, मला डिझाईन येत नाही असं वाटायला लागलंय."

मी म्हटलं, "डिझाईन येतं. तू फक्त सगळ्या चुका शेवटच्या पायरीवर केल्यास, जिथे त्या सगळ्यात महाग पडतात."

आजच्या धड्याचं सार हेच आहे. चांगल्या डिझायनरच्या हातूनही चुका होतात. तो त्या आधी करतो, स्वस्तात करतो. कागदावर चूक केली तर दहा पैसे, एका प्रिंटवर केली तर वीस रुपये, हजार स्टिकरवर केली तर सहा हजार. दुसऱ्या खेपेला तिने काय केलं ते आता पायरीपायरीने पाहू.

पायरी १ : आधी दुकानात उभे राहा

मी तिला दोन दिवस मोबाईल आणि कॉम्प्युटर बंद ठेवायला सांगितलं. ती ओळखीच्या किराणा दुकानात एक तास फक्त उभी राहिली आणि वहीत लिहीत गेली.

तिने टिपलेलं असं होतं : मसाल्याची पाकिटं काउंटरच्या मागे टांगलेली असतात, म्हणजे गिऱ्हाईक ती चार-पाच फुटांवरून बघतं. जवळजवळ सगळीच पाकिटं लाल आहेत. बायका पाकीट हातात घेतात तेव्हा आधी उलटं करतात. आणि दुकानदाराला दोनच प्रश्न विचारतात, "यात रंग तर नाही ना?" आणि "देठासकट दळलेलं नाही ना?"

बघा, हा दुसरा प्रश्न कुठल्याही टेम्प्लेटमध्ये सापडला नसता. मिरची देठासकट दळली की वजन वाढतं आणि चव उतरते, हे खानदेशातल्या बाईला सांगावं लागत नाही. आणि तिची आई तर रोज दुपारी बसून एकेक देठ खुडत होती! खरी गोष्ट घरात होती, लेबलवर मात्र ज्वाळा होत्या.

त्या वहीतून तिने एक वाक्य काढलं आणि पानाच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलं : "पाकीट पाहून वाटलं पाहिजे की हे देठ खुडून, घरी केलेलं तिखट आहे." पुढे प्रत्येक निर्णय तिने या वाक्याला विचारून घेतला. ज्वाळा ठेवायच्या का? वाक्य म्हणालं, नको.

तुमचं उत्पादन पापड असो, शिवणकाम असो की क्लासेस, असं एक वाक्य लिहिल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

पायरी २ : बारा चौकोन

एका कोऱ्या कागदावर काडेपेटीएवढे बारा चौकोन आखायचे. प्रत्येकात पेन्सिलने एकेक वेगळी मांडणी. चित्र सुंदर यायची गरज नाही. नाव कुठे, चित्र कुठे, रिकामी जागा किती, एवढंच पाहायचं.

पहिले चार-पाच चौकोन आपण कुठेतरी पाहिलेलेच निघतात. हात रिकामा झाला की सहाव्या-सातव्यापासून स्वतःचं काहीतरी यायला लागतं. तिच्या नवव्या चौकोनात पाकिटाला मधोमध पारदर्शक खिडकी होती आणि लेबल फक्त वरच्या बाजूला. "रंग तर नाही ना?" या प्रश्नाला यापेक्षा सरळ उत्तर काय? आतला माल उघडा दाखवा.

मग तिने तीन मांडण्या निवडून कागद खऱ्या मापात कापले, हाताने लिहिले आणि तिखटाच्या पाकिटांवर चिकटवले. पाच फुटांवर दोरीला टांगले आणि आजीला विचारलं, "यावर काय लिहिलंय?" आजीला ज्यावरचं नाव वाचता आलं नाही ते बाद. खर्च शून्य.

इथे तुम्हाला आपल्याच मातीतली एक गोष्ट सांगतो. दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, फोटोग्राफी आणि छपाईचा धंदा केलेले. 1912 साली ते लंडनला जाऊन चित्रपटाचं तंत्र समजून घेऊन कॅमेरा घेऊन आले. पण एकदम मोठ्या चित्रपटाला हात घातला नाही. आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढताना महिनाभर थोडं थोडं चित्रण केलं. ती फिल्म मिनिटभराचीच होती. ती दाखवून त्यांनी लोकांचा विश्वास आणि भांडवल मिळवलं. घरचे दागिने गहाण पडले ते त्यानंतर, आणि 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लोकांसमोर आला.

यातून धंद्याचा धडा घ्या. फाळक्यांनीही मोठा पैसा लावण्याआधी छोटा नमुना करून पाहिला. त्यांचा कॅमेरा चालतो का, हात बसलाय का, बघणाऱ्याला पटतं का, या तिन्ही गोष्टी एका वाटाण्याच्या रोपावर तपासून झाल्या. तुमचा 'वाटाणा' कोणता ते शोधा.

पायरी ३ : अक्षर आणि रंग

आता कॉम्प्युटर उघडायला हरकत नाही. दोन सूचना.

मराठी अक्षरांसाठी नेटवरून कुठलाही फॉन्ट उचलू नका. विकण्याच्या वस्तूवर तो वापरायची परवानगी लागते. गूगल फॉन्ट्सवर मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आहेत. मुंबईच्या एक टाईप या संस्थेने केलेले 'मुक्त' आणि 'बालू' तिने करून पाहिले. 'मुक्त' साधा आणि छोट्या आकारातही वाचता येणारा, म्हणून माहितीसाठी. 'बालू' जाड आणि गोलसर, म्हणून नावासाठी. दोनच फॉन्ट, तिसरा नाही.

रंगाचं तर दुकानातच ठरलं होतं. सगळी पाकिटं लाल, म्हणून तिचं लेबल पांढरट, त्यावर गडद हिरवी अक्षरं. लाल रंग खिडकीतून तिखटच दाखवणार होतं, त्याला वेगळी शाई कशाला?

पायरी ४ : लेबलची दुसरी बाजू

डिझाईन शिकणारी मुलं या बाजूला कंटाळतात, पण दुकानदार आधी हीच बाजू बघतो. तिने यादी केली आणि प्रत्येकासाठी जागा राखली :

- पदार्थाचं नाव आणि घटक
- निव्वळ वजन
- सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत
- पॅकिंगची तारीख, बॅच नंबर आणि किती दिवसांत वापरायचं ते
- बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क
- एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर आणि त्यांचं चिन्ह
- शाकाहारी पदार्थाचं हिरवं चिन्ह, म्हणजे हिरव्या चौकोनात हिरवा गोल

एक बारकावा लक्षात ठेवा. खाद्यपदार्थाच्या लेबलवरची बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. त्यासोबत मराठीत लिहिता येतं, पण फक्त मराठीत लिहून भागत नाही. तिचं पहिलं लेबल इथेही अडलं असतं. नियमांत अधूनमधून बदल होतात, म्हणून छपाईला टाकण्याच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच. आणि परवाना किंवा नोंदणी आधी, लेबल नंतर. नंबर हातात नसताना लेबल छापायला टाकू नका.

पायरी ५ : एक प्रिंट, मग शंभर, मग हजार

या वेळी तिने आधी एकच रंगीत प्रिंट काढली. पाकिटावर चिकटवली आणि त्याच दुकानदाराकडे नेली. त्याने बघून एक गोष्ट सांगितली : "तारीख लिहायला जागा दिलीस, पण त्या चकचकीत कागदावर शिक्का पुसला जाईल." तारखेची जागा मॅट झाली. ही सूचना वीस रुपयांत मिळाली.

फाईल देताना काय पाहायचं ते लिहून ठेवा :

- रंग 'सीएमवायके'मध्ये असावेत. मोबाईलचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने. दोन्ही कधीच तंतोतंत जुळत नाहीत.
- फोटो 300 डीपीआयचे असावेत. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छपाईत धूसर होतो.
- कापताना सुरी थोडी इकडेतिकडे होते, म्हणून चारही बाजूंनी 3 मिलिमीटर रंग जादा सोडावा आणि मजकूर कडेपासून आत ठेवावा.
- मराठी अक्षरांना 'कर्व्ह' करून द्यावं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्या आणि जुन्या पद्धतीचे फॉन्ट असतात. युनिकोड मजकूर तिथे उघडला की वेलांट्या उड्या मारतात. कर्व्ह केलं की अक्षर चित्र बनतं, मग ते फुटत नाही.
- कर्व्ह करण्याआधी शुद्धलेखन दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, कारण नंतर अक्षर बदलता येत नाही.

छपाई शंभरच लेबलांची केली. एका लेबलचा भाव जास्त पडला, आईने कुरकुरही केली. पण हजाराचा गठ्ठा अजून माळ्यावर पडलेला होता, त्यामुळे वाद लांबला नाही.

पायरी ६ : चाळीस सेकंदांचा व्हिडिओ

लेबल झाल्यावर तिला व्हिडिओ करायचा होता. पहिल्या कच्च्या आराखड्यात ड्रोन होता, स्लो मोशन होतं आणि एक गाजलेलं सिनेमाचं गाणं होतं. मी म्हटलं, वहीतलं ते वाक्य पुन्हा वाच.

मग तिने पाच चौकोन काढले. एक : आईची बोटं देठ खुडताना, अगदी जवळून. दोन : पथारीवरच्या मिरच्या, कोरड्या खुळखुळण्याचा आवाज. तीन : कांडप यंत्र. चार : पाकिटाच्या खिडकीतून दिसणारं तिखट. पाच : आई कॅमेऱ्याकडे बघून एक वाक्य बोलते. शेवटी फोन नंबर.

चौथं दृश्य जमेना. माल लाल, टेबल लाल, फोटोत सगळा लाल गोळा. इथे तिच्या कामाला आला चाळीसगावचा माणूस. छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं चाळीसगावच्या आपल्या घरात काढली आणि 'टेबल टॉप' फोटोग्राफीत नाव कमावलं. म्हणजे काय, तर टेबलावर घरातल्या साध्या वस्तू मांडायच्या आणि प्रकाश असा टाकायचा की बघणाऱ्याला ते भलंमोठं खरं दृश्य वाटावं. त्यांच्या कामाचं संग्रहालय चाळीसगावात आहे, जमलं तर जाऊन या. स्टुडिओ नाही, बजेट नाही असं म्हणणाऱ्याने तर जावंच.

तिने खिडकीशेजारी टेबल ओढलं. पांढरं धोतर अंथरलं. उन्हाचा थेट झोत नको म्हणून खिडकीला पातळ ओढणी लावली. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला, म्हणजे सावलीच्या बाजूलाही थोडा उजेड परत येतो. पाकिटाजवळ देठांची छोटी रास ठेवली. मोबाईल डब्यांच्या चळतीला टेकवला, कारण हातात धरला की हलतो. खर्च परत शून्य.

एडिटिंगमधले तिचे चार निर्णय तुम्हीही उचला :

पहिला, सुरुवात लोगोने नाही, बोटांनी. पहिल्या तीन सेकंदांत काही घडलं नाही तर अंगठा पुढे सरकतो.

दुसरा, सिनेमाचं गाणं काढून टाकलं. त्याचे हक्क आपल्याकडे नसतात, व्हिडिओवर दावा येऊ शकतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळतं. पण तिने तेही घेतलं नाही. खुळखुळणाऱ्या मिरच्या आणि कांडपाचा ठोका, एवढा आवाज पुरला.

तिसरा, व्हिडिओ उभा ठेवला, 1080 बाय 1920. आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात ओळी टाकल्या, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात.

चौथा, आईचं वाक्य. आधी ते प्रमाण मराठीत लिहून दिलं होतं आणि आई सात वेळा अडखळली. मग मुलीने कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "माय, गिऱ्हाइकाला तू काय सांगतेस?" आई सहज बोलून गेली, "जास्ती तिखट नही शे, पन रंग देखा!" मोबाईल चालूच होता. तोच तुकडा ठेवला. आपलं गिऱ्हाईक अहिराणी बोलतं, मग आपला व्हिडिओ का बोलू नये?

पायरी ७ : "कसं वाटलं?" विचारू नका

"कसं वाटलं?" विचारलं की ओळखीचे सगळे "भारी!" म्हणतात. त्या भारीचा उपयोग शून्य. तिने व्हिडिओ पाच जणांना एकदाच दाखवला, मोबाईल उलटा ठेवला आणि तीन प्रश्न विचारले. काय विकतोय? कोणी केलंय? घ्यायचं तर काय कराल?

पहिल्या दोनची उत्तरं बरोबर आली. तिसऱ्याला पाचपैकी चौघे गप्प, कारण फोन नंबर दोनच सेकंद दिसत होता. तिने तो सहा सेकंद केला आणि "व्हॉट्सॲप करा" असं लिहिलं. हा एक बदल बाकी सगळ्या सजावटीपेक्षा कामाचा ठरला.

मग पुढे काय झालं?

व्हिडिओ व्हायरल झाला नाही, आणि तशी गरजही नव्हती. तो गावातल्या आणि आसपासच्या ग्रुपमध्ये फिरला, शंभर पाकिटं त्या हंगामात संपली आणि दुकानदाराने स्वतःहून पुन्हा मागितली. सहा हजारांचं नुकसान एका हंगामात भरून निघालं असं मी म्हणणार नाही. पण आईने पुढच्या छपाईचे पैसे काढून दिले. माझ्या मते तोच खरा निकाल, कारण पहिल्या वेळी पैशांबरोबर आईचा विश्वासही गेला होता.

मुलीला आणखी एक गोष्ट मिळाली. तिची वही. बारा चौकोन, बाद झालेली लेबलं, दुकानदाराची सूचना, प्रत्येक बदलाचं कारण, सगळं तारखेसह त्यात होतं. पापड करणाऱ्या एका बचत गटाने तिला लेबलचं काम विचारलं तेव्हा तिने तीच वही समोर ठेवली. तयार चित्र तर कुणीही दाखवतं. तुम्ही विचार कसा करता हे दिसलं की गिऱ्हाईक पैसे देताना कमी घासाघीस करतं. तिने अर्धी रक्कम आगाऊ घेतली आणि दोनच वेळा बदल करून देईन असं आधीच लिहून दिलं. तुम्हाला डिझाईनचाच धंदा करायचा असेल तर या दोन अटी पहिल्या दिवसापासून ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

1. तुमचा माल जिथे विकला जाणार आहे तिथे एक तास उभे राहा. गिऱ्हाइकाचे प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहा.
2. त्यातून एक वाक्य काढा.
3. बारा चौकोन भरा. सातव्याच्या आधी थांबू नका.
4. तीन नमुने खऱ्या मापात कापून पाच फुटांवर टांगा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला वाचायला सांगा.

एवढं होईपर्यंत कुठलंही ॲप डाऊनलोड करायचं नाही. आणि छपाईचा आकडा सांगायची वेळ येईल तेव्हा दोंडाईच्यातल्या त्या माळ्यावरचा हजार स्टिकरांचा गठ्ठा आठवा. तो अजून तिथेच आहे. आई फेकू देत नाही, म्हणते, "राहू दे, फी भरलीये त्याची."

भेटू पुढच्या धड्यात. कामाला लागा!